गवताची किंमत आणि जमिनीचा नफा

विकासकार्यामुळे निसर्गाची जी हानी होते ती विकास करणाऱ्याने भरून द्यावी, आणि विकासामुळे ज्याच्या मालमत्तेचे मोल काही न करता वाढते त्याने त्या वाढीतील काही हिस्सा समाजाला परत करावा, अशी दोन तत्त्वे आपल्या राज्यकर्त्यांनी कागदोपत्री केव्हाच मान्य केली आहेत. पहिले तत्त्व वनखात्याच्या नियमांत आढळते, दुसरे आयकराच्या कायद्यात. दोन्ही खात्यांची कार्यालये निराळी, भाषा निराळी आणि अधिकारीही एकमेकांस अपरिचित. त्यामुळे ही दोन तत्त्वे एकाच जमिनीच्या तुकड्यावर येऊन भेटतात तेव्हा काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके या विचारासाठी जितके सोयीचे आहेत तितके महाराष्ट्रात क्वचितच दुसरे असतील.

या भागाचे दोन भाग पडतात हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याच्या काठची गावे बागाईत झाली. ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याच्या पाण्यापासून दूर राहिलेली सुपे, मोरगाव, शिर्सुफळ यांच्या बाजूची गावे मात्र जिराईतच राहिली. पुढे १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला पाण्याचा विस्तीर्ण फुगवटा तयार झाला. त्यात अनेक गावांची काळी जमीन गेली. त्याच फुगवट्यावर भिगवण-कुंभारगाव परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले व पक्षीनिरीक्षकांची वर्दळ सुरू झाली, हा विकासाने अजाणता दिलेला नफाच म्हटला पाहिजे. धरण बांधणाऱ्यांच्या हिशेबात तो कोठेही नव्हता.

या जिराईत पट्ट्यात जी संपत्ती आहे ती मात्र डोळ्यांत भरणारी नाही. ती गवताची आहे. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचे हे माळ. पाऊसकाळात महिना-दोन महिने हिरवे आणि उरलेले वर्ष पिवळे. या माळांवर चिंकारा चरतो, लांडगा, खोकड व तरस यांची वस्ती असते आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनखात्याने २०२४ साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा येथील पुष्कळांना आपल्या माळावर पाहण्यासारखे काही आहे हे प्रथमच कळले. भारतीय लांडग्यांची देशातील एकूण संख्या तज्ज्ञांच्या अंदाजाने सुमारे तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षाही कमी आहे. पण लांडग्याला कोणी राष्ट्रीय पशू म्हणत नाही आणि त्याच्या माळाला कोणी जंगल म्हणत नाही.

सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. आपल्या महसुली व्यवहारात माळ म्हणजे पडीक. केंद्र सरकार देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध करीत आले आहे त्यात खुरट्या झुडपांच्या व गवताच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर याच सदराखाली घातलेल्या आढळतात. इंग्रजांनी ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती ओसाड ठरविली, आणि स्वतंत्र भारताच्या दप्तराने ते वर्गीकरण बहुतांशी तसेच चालू ठेवले. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही करणे ही सुधारणाच ठरते. कारखाना उभारला तरी सुधारणा, सौरपट्ट्या मांडल्या तरी सुधारणा आणि झाडे लावली तरी सुधारणाच.

यांपैकी झाडे लावण्याची सुधारणा सर्वांत निरुपद्रवी वाटते, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे वनजमीन अन्य कामासाठी वळविली तर तितक्याच वनेतर जमिनीवर, किंवा काही प्रकरणांत दुप्पट अवनत वनजमिनीवर, पर्यायी वनीकरण करावे लागते. शिवाय त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे मूल्य वनाच्या प्रकाराप्रमाणे व घनतेप्रमाणे हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे ठरविले होते. २०२२ साली केंद्राने ते दर वाढविले. या रकमांसाठी २०१६ साली स्वतंत्र निधीचा कायदा झाला आणि २०१९ साली केंद्राकडे साचलेले सुमारे ४७ हजार कोटी रुपये राज्यांकडे वर्ग झाले, त्यांतील ३,८४४ कोटी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. पैशाची वाण नाही, हे यावरून दिसते.

परंतु हा पैसा मोजतो काय? तो झाडे मोजतो. राज्य सरकारने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पन्नास कोटींहून अधिक वृक्षलागवडीचा जो संकल्प सोडला त्याचेही माप झाडांची संख्या हेच होते. केंद्राच्या २०२३ सालच्या हरित पत नियमांनी तर या मापाला बाजाराचे रूप दिले. २०२४ च्या फेब्रुवारीत जी कार्यपद्धती जाहीर झाली तिच्यात अवनत जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडे लावावीत आणि झाडामागे एक पत मिळावी असे ठरले. अशा जमिनींत विरळ वनांबरोबर झुडपी व पडीक जमिनीही धरल्या होत्या. या पद्धतीवर बरीच टीका झाली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये ती बदलण्यात आली. आता पाच वर्षे संगोपन आणि वृक्षच्छत्राची किमान ४० टक्के घनता अशी अट आहे. पश्चिम घाटातील उजाड झालेल्या डोंगरउताराला ही अट शोभेल. कडबनवाडीच्या माळाला ती लावली तर? जेथे मुळात सावली नाही म्हणूनच चिंकारा आहे, तेथे ४० टक्के सावली करून दाखविणे म्हणजे चिंकाऱ्याला हाकलून दिल्याबद्दल बक्षीस घेणे होय. उंदीरमारी आणि सुबाभळीच्या रांगा लावून गवत मारलेले माळ पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत पाहायला मिळतात. ही लागवड करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. फूटपट्टीच चुकीची दिली तर शिंपी कितीही प्रामाणिक असला तरी अंगरखा बसत नाही.

इंग्लंडने याच प्रश्नावर जो मार्ग काढला तो पाहण्यासारखा आहे. तेथील २०२१ च्या पर्यावरण कायद्यानुसार १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लहान बांधकामांनाही, जैवविविधतेत किमान दहा टक्के वाढ करून दाखविण्याची सक्ती झाली. ही वाढ तीस वर्षे टिकवावी लागते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट दहा टक्क्यांची नाही, मापाची आहे. जमिनीवर बांधकामापूर्वी कोणत्या प्रकारचा अधिवास आहे, तो किती दुर्मिळ आहे व कोणत्या अवस्थेत आहे, यावरून गुण ठरतात. जुन्या, न नांगरलेल्या कुरणाला त्यात मानाचे स्थान आहे, आणि त्याच्या जागी लावलेल्या रोपवाटिकेतील रोपांनी ते गुण भरून निघत नाहीत. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. बांधकाम व्यावसायिकांची कुरकूर सुरू झाली आणि २०२५ साली सरकारने लहान प्रकल्पांना सूट देण्याचा विचार पुढे मांडला. दूरच्या गावी नेऊन भरपाई करण्याची पळवाटही त्यात आहे. तथापि गवताला शून्य गुण देण्याची चूक तेथे झालेली नाही.

आपल्या दोन तालुक्यांत तर अडचण आणखी खोल आहे. वनकायद्याची भरपाई वनजमिनीपुरतीच. खाजगी माळ आणि गावची गायराने त्याबाहेर राहतात. गायराने इतर कामांना देऊ नयेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पंजाबच्या एका प्रकरणात दिला. परंतु सार्वजनिक कामाचा अपवाद आहेच, आणि २०२३ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शासकीय जमिनींबरोबर गायरानांकडेही नजर गेली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला कोण विरोध करील? पण सौर प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी लागत नाही, त्यामुळे त्या गायरानावर कोणती मेंढरे चरत होती याची नोंद करण्याचा प्रसंगच येत नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा मेंढ्यांचे रिंगण होते आणि वृत्तपत्रांतून त्याची छायाचित्रे छापून येतात. त्या मेंढ्या उरलेले अकरा महिने काय खातात, हा प्रश्न छायाचित्राखाली छापलेला नसतो.

आता दुसऱ्या तत्त्वाकडे वळू. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. जमिनीचे मोल मालकाच्या श्रमाने वाढते त्याहून अधिक समाजाच्या वाढीने वाढते, हे त्यातील सार; आणि मिलने त्यावरून या अनर्जित वाढीवर कर बसविण्याचे समर्थन केले. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांनी १९४८ साली गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची जी पाहणी प्रसिद्ध केली तिच्यातही कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीतून मोजता येत नाही, हे दाखविले होते. बारामती-इंदापूरला हे पुस्तकात वाचण्याची गरज नाही. नीरेचा कालवा, औद्योगिक वसाहत, जनाई-शिरसाई व लाकडी-निंबोडीसारख्या उपसा योजना, आणि अलीकडे पाटस-बारामती-इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग, ज्याच्या रुंदीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली: यांतील प्रत्येक काम जनतेच्या पैशाने झाले आणि प्रत्येकाने शेजारच्या जमिनीचा भाव चढविला. रस्त्याकडेची जुनी झाडे गेली ती सर्वांची गेली. भाव चढला तो ज्याच्या नावावर सातबारा होता त्याचा.

भांडवली नफ्यावरील कर आपल्याकडे १९४७ साली आला, १९४९ साली गेला आणि कॅल्डोर यांच्या शिफारशीनंतर १९५६ साली पुन्हा आला. शेतजमीन त्याच्या बाहेर होती. १९७० च्या वित्त कायद्याने शहरालगतच्या शेतजमिनी आत आणल्या. आज नियम असा आहे की नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांवर पण एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, एक लाखावर दहा लाखांपर्यंत असेल तर सहा, आणि त्याहून अधिक असेल तर आठ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन करपात्र. पलीकडची पूर्णपणे मुक्त. इंदापूर शहराभोवती दोन किलोमीटरची ही अदृश्य रेघ आहे. भिगवणला नगरपालिकाच नाही, तेव्हा महामार्गाला आणि लोहमार्गाला लागून असलेल्या त्या गावची शेतजमीन कितीही भावाने गेली तरी भांडवली नफ्याचा प्रश्न उद्भवत नाही. सक्तीने संपादन झालेल्या जमिनीच्या मोबदल्यालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये आयकर माफ आहे. ज्याची जमीन सरकारने घेतली त्याला ही माफी असणे न्याय्यच होय. परंतु त्या संपादनामुळे ज्याच्या उरलेल्या जमिनीला रस्त्याचे तोंड मिळाले त्यालाही तोच आनंद फुकटात मिळतो, हे कसे?

याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. ही माफी 'शेतजमिनी'ला आहे. शेती म्हणजे काय याचा खल सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली एका आयकर प्रकरणात केला आणि जमिनीवर मशागत, पेरणी, लागवड अशी मूलभूत कामे झाली पाहिजेत. आपोआप उगवलेले ते शेतीचे उत्पन्न नव्हे, असा निर्वाळा दिला. १९९३ च्या दुसऱ्या एका निर्णयात महसुली नोंद, प्रत्यक्ष वापर व मालकाचा हेतू या सर्वांचा एकत्र विचार करावा असे सांगितले गेले. आता एखाद्या मालकाकडे वडिलोपार्जित पंचवीस एकर माळ आहे असे धरा. तो त्याने कधी नांगरला नाही, धनगरांना चरायला दिला, गवत राखले. विकायची वेळ आली की त्याचा सल्लागार त्याला काय सांगेल? दोन वर्षे बाजरी पेरा, सातबाऱ्यावर पिकाची नोंद करून घ्या, मग विका. सल्ला बेकायदेशीर नाही, शहाणपणाचाच आहे. पण शेकडो वर्षांचे गवत एका नांगरटीने जाते आणि ते परत येण्यास एक पिढी पुरत नाही. म्हणजे वनखाते माळाला झाडांची शिक्षा देते आणि आयकर खाते नांगराची. गवत राखणारा दोन्हीकडे तोट्यात.

बिगरशेती भूखंडांची स्थिती २३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकाने पालटली. पूर्वी खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर होता; आता निर्देशांक गेला आणि दर साडेबारा टक्के झाला. ओरड झाली तेव्हा त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-घरांपुरती, निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबांना, दोन्हींपैकी कमी कर निवडण्याची मुभा मिळाली. याचा अर्थ आकड्यांत पाहू. २००४-०५ साली दहा लाखांना घेतलेला भूखंड २०२४-२५ साली विकला. निर्देशांक ११३ वरून ३६३ वर गेला असल्याने वाढीव खरेदी किंमत सुमारे ३२ लाख १२ हजार होते. भूखंड साठ लाखांना गेला तर जुन्या रीतीने कर सुमारे ५ लाख ५८ हजार, नव्या रीतीने ६ लाख २५ हजार. तोच एक कोटीला गेला तर जुना कर सुमारे १३ लाख ५८ हजार आणि नवा ११ लाख २५ हजार. सुमारे ६९ लाखांपाशी दोन्ही समान होतात. उपकर व अधिभार मी सोडून दिले आहेत. तेव्हा ज्याचा भूखंड सावकाश वाढला त्याच्यावर नवी पद्धत अधिक भार टाकते आणि ज्याचा झपाट्याने वाढला त्याला सवलत देते. भूखंडाचा भाव केवळ महागाईइतकाच वाढला तर खरा नफा शून्य असूनही कर द्यावा लागेल. जुन्या खरेदीला निवड आहे. आज भूखंड घेणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला ती नाही. हिशेबाची सुलभता हे नव्या पद्धतीचे समर्थन खरे आहे, पण कोणाच्या सोयीची सुलभता, असे विचारण्यास जागा आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. शंभर वर्षे बागाईतदाराने कालव्याच्या पाण्यावर जमिनीचे मोल वाढवून घेतले, कारखाने काढले, मुले शिकविली. त्यांना कोणी वाढीव मूल्याचा कर मागितला नाही. आता जिराईत माळवाल्याच्या दाराशी प्रथमच लक्ष्मी आली तर तुम्हाला गवत आणि रिकार्डो आठवावा काय? सोलापूर-नगर भागातील माळढोक अभयारण्याचा इतिहास या आक्षेपाला बळ देतो. १९७९ साली ते ८,४९६ चौरस किलोमीटरांवर घोषित झाले, कित्येक गावांच्या खाजगी जमिनींचे व्यवहार अडले, शेतकरी पक्ष्याला शत्रू मानू लागला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले, पण तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. निसर्गाच्या रक्षणाचा खर्च ज्याच्यावर टाकायचा त्याला मोबदला दिला नाही तर निसर्गही जातो आणि माणसाचा विश्वासही, हे त्यातून दिसले.

म्हणूनच माझ्या मते दोन्ही तत्त्वांची सांगड घातली पाहिजे. लहान शेतकऱ्याच्या पहिल्या काही एकरांच्या विक्रीला हात लावण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक कामामुळे भाव चढलेल्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्राचे व्यवहार होतात किंवा शेतजमीन बिगरशेती होते, तेथे वाढीव मूल्याचा माफक हिस्सा दस्तनोंदणीच्या वेळीच घेता येईल. मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषदेचा अधिभार घेण्याची आणि त्यातील वाटा ग्रामपंचायतीला देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. नवे खाते उघडावे लागत नाही. नगररचना योजनांमध्ये वाढीव मूल्याच्या निम्म्यापर्यंत वर्गणी घेण्याची तरतूद १९६६ च्या कायद्याने केलेली आहे, तेव्हा तत्त्वही नवे नाही. जो पैसा येईल तो त्याच तालुक्यात गवत राखणाऱ्याला वार्षिक मोबदला म्हणून मिळावा. आणि आयकरात न नांगरलेल्या चराऊ माळाला शेतजमिनीचा दर्जा द्यावा. त्यासाठी सरकारला फारसा महसूलही सोडावा लागणार नाही, एक व्याख्या तेवढी दुरुस्त करावी लागेल.

माळ कोठे आहे हे ठरविणार कोण, असे कोणी विचारील. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. धनंजयराव गाडगीळांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांनी ही नोंदवहीची कल्पना रुजविली. पित्याने कालव्याचे लाभ मोजावयास शिकविले आणि पुत्राने कालव्याबाहेरचे. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या करण्यात आल्या. कपाटातील त्या नोंदवह्या बाहेर काढून त्यांत गवताळ माळांचे गट क्रमांक, तेथे चरणारे कळप आणि त्यांचा हंगाम यांची भर घालणे हे काम गावातील शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतील. वनखात्याची आणि नोंदणी कार्यालयाची फूटपट्टी मग त्या यादीला बांधता येईल.

याला घाई आहे. नगरपालिकेभोवतीची दोन वा सहा किलोमीटरची रेघ अखेरच्या प्रसिद्ध जनगणनेवरून ठरते, आणि तूर्त ती २०११ ची धरली जाते. त्या जनगणनेत बारामती नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ५४ हजार आणि इंदापूरची सुमारे २५ हजार होती. त्यानंतर बारामतीची हद्दही वाढली. २०२७ च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आणि त्यांत बारामतीने लाखाचा आकडा ओलांडला, तर रेघ दोनवरून सहा किलोमीटरवर जाईल आणि भोवतालच्या गावांतील शेतजमिनी एका दिवसात करपात्र होतील. त्याआधी विकून मोकळे होण्याची धावपळ होणार हे सांगायला ज्योतिषी नको. आज जे माळ पिवळे दिसतात त्यांतील कितींवर तोपर्यंत नांगर फिरलेला असेल, हे नियम करणाऱ्यांनी आत्ताच मोजून ठेवावे.